तिसऱ्या दिवसाची शिदोरी

नोकरीवर हजर झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन पडवीत आले, तर माझ्या ट्रंकेवर शिदोरी ठेवलेली होती. धुतलेल्या फडक्यात दोन भाकरी, लसणाची चटणी आणि एक कांदा. शेजारी गुरुजी धोतरावर काळा कोट चढवून, हातात छत्री घेऊन उभे.

"बाई, साडेआठची एस.टी. उंब्रजवरूनच जाते," ते म्हणाले. "चला, स्टँडपर्यंत मी येतो."

मी उंब्रजची. कऱ्हाडबाहेरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत मला नुकतंच शिक्षिका म्हणून घेतलं होतं. माझी खोली रिकामी व्हायची होती, म्हणून आवारातच गुरुजींच्या घरी उतरले होते. ह्या माणसानं एवढ्यात मला घराबाहेर का काढावं, ते मला कळेना. मी म्हटलं, "गुरुजी, मी पाहुणी नाही. कामाला आलेय इथं."

"काम करणार? हातानं?"

"शिकवणार. झाडून काढायचं असलं तर तेही काढीन."

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. "मग राहा. काम करणाऱ्याला मुदत नाही." एवढं बोलून त्यांनी ती शिदोरी सोडली आणि उभ्या उभ्या माझ्या वाटणीची भाकरी खायला सुरुवात केली. आत चुलीपुढं त्यांच्या पत्नी, काकू, तोंडाला पदर लावून हसत होत्या.

गुरुजी आमच्या शाळेचे नव्हते. खेड्यापाड्यांत उपदेश करत हिंडणाऱ्या माणसांना तयार करायला मिशनचा एक वर्ग चाले, त्यात ते ख्रिस्ती मंडळीचा अगदी सुरुवातीचा इतिहास शिकवत. तरुणपणी एका गोऱ्या साहेबाकडून ते ग्रीक शिकले होते. साहेब पुढं मायदेशी गेला, त्याची पुस्तकं मागं राहिली आणि गुरुजी त्या पुस्तकांतच राहायला गेले. आम्ही बाकीचे साठ-एकसष्ट सालात होतो. गुरुजी सन शंभरच्या आसपास कुठंतरी असत. दाढी करताना ते मोठ्यानं ग्रीक म्हणत, आणि गाल कापला की मराठीत बोलत.

त्यांच्या सांगण्यावरून मला जे कळलं ते असं. येशूनंतरच्या पहिल्या शे-दीडशे वर्षांत गावोगाव संदेष्टे फिरत. संदेष्टा म्हणजे ज्याच्या तोंडून देव बोलतो असं लोक धरून चालत, तो माणूस. त्यांतले काही खरे असत, काही नुसते पोटभरू. गरिबांनी ओळखायचं कसं? म्हणून तेव्हाच्या जाणत्यांनी कसोट्या ठरवून दिल्या. संदेष्टा दारात आला तर त्याला मानानं घरात घ्या. एक दिवस राहू द्या, अडचण असली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. कायमचं राहायचं असेल तर त्यानं काम करून खावं.

वर्गातली माणसं हे परीक्षेपुरतं पाठ करत. गुरुजी तसे वागत. त्यांच्या पडवीत पाहुण्यांसाठी एक खुर्ची होती, तिचा एक पाय त्यांनी मुद्दाम कापून आखूड केला होता. बसणाऱ्याला सारखं सावरून बसावं लागे. "माणूस टेकला की खोटा व्हायला लागतो," असं ते म्हणत. सांगलीहून आलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी तिसऱ्या दिवशी स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं होतं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले होते, तो खाली उतरेल म्हणून. मेव्हणा पुढं किती वर्षं बोलत नव्हता.

मी ह्या सगळ्याकडं बाहेरून बघणारी. छप्पन साली आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला आणि देव्हाऱ्यातले देव कृष्णेत सोडले. देव गेले की भीतीही जाईल, असा माझा समज होता. देव गेले, भीती घरीच राहिली. त्यामुळं ह्या माणसाची मला गंमत वाटायची आणि थोडी भीतीही वाटायची. देवाच्या नावानं बोलणाऱ्याला तोंडावर खोटं म्हणायचं धाडस मी आमच्या गावात कुणाचं पाहिलं नव्हतं.

एकदा आटपाडीकडचा एक उपदेशक आला. धिप्पाड, आवाज असा की आवाराबाहेर ऐकू जावा. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो थरथरायला लागला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आत्मा मला सांगतोय, देवाच्या लेकरांसाठी पंगत मांडा. कोंबडी करा." मला वाटलं, गुरुजी आता ह्याला छत्री दाखवणार. पण ते खुशीत आले. स्वतः जाऊन दोन कोंबड्या आणल्या, वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. गुरुजी समोर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून उपदेशकाच्या ताटाकडं बघत बसले. वर्गातली माणसंही हात आवरून बसली. उपदेशकानं तंगडी उचलली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "सावकाश जेवा. गाडी साडेतीनला आहे."

ती पण कसोटीच होती. देवाच्या आत्म्याच्या भरात जो पंगत मांडायला सांगतो तो खरा असेल, तर त्या ताटाला स्वतः हात लावत नाही. ती पंगत दुसऱ्यांसाठी असते. खाल्लं की खोटा.

मी नंतर काकूंना विचारलं, "पण काकू, एवढा स्वयंपाक तुम्ही केलात. कोंबडी तुम्हाला मिळाली का?"

"रस्सा हुता की खाली," काकू म्हणाल्या.

काकू कधी जेवतात, हे आवारात कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींचं झालं, वर्गातल्यांचं झालं, दारात आलेल्याचं झालं की मग चुलीपाशी पाठमोऱ्या बसून काहीतरी खात असाव्यात. मी त्यांच्या घरी इतके दिवस राहिले, पण त्यांना घास घेताना पाहिलं नाही. त्यांची शाळा चौथीपर्यंतच. पण गुरुजींचा वर्ग पडवीत भरे आणि स्वयंपाकघराचं दार पडवीतच उघडे, त्यामुळं वर्षानुवर्षं भाकऱ्या थापता थापता सगळा अभ्यासक्रम त्यांच्या कानांवरून गेला होता. त्यातलं किती आत राहिलं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

बासष्ट साली आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून जगबुडीची आवई उठली, तेव्हाचे गुरुजी मला आठवतात. कऱ्हाडात घाटावर होमहवनं चालली होती, लोक लेकीबाळींना भेटून येत होते. वर्गातली दोन-तीन माणसं घरी जायची रजा मागायला आली. गुरुजींनी त्यांना बसवून घेतलं.

"ज्योतिषी उद्याचं सांगतो," ते म्हणाले. "संदेष्टा आजचं सांगतो. तू आज काय करतोयस ते तुझ्या तोंडावर सांगतो. म्हणून त्याला कुणी जेवायला बोलवत नाही." मग त्यांनी एक हकिगत सांगितली. सिरिया देशात मंडळीचा एक पुढारी होता. प्रभू येतोय, चला सामोरे जाऊ, असं सांगून तो सगळ्या गावाला माळरानात घेऊन गेला. बायाबापड्या, कडेवर लेकरं. तिथं ना पाणी, ना वाट. दरोडेखोर समजून राजाची माणसं त्यांना मारायलाच निघाली होती. "कडेवर लेकरं होती," गुरुजी पुन्हा म्हणाले. ही हकिगत ते दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी त्या लेकरांपाशी आले की थांबत.

आठ ग्रह आले तसे गेले. पुढं कितीतरी दिवस आम्ही एकमेकांना चिडवत होतो.

हा माणूस कशालाच भीत नाही, असं मी काकूंना एकदा म्हटलं. आम्ही दोघी चिंचा फोडत होतो. काकूंनी हातातला दगड खाली ठेवला.

"फाटक वाजलं की बघ त्यांच्याकडं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. मी यायच्या आधीची गोष्ट. भर पावसात खंडाळ्याकडून एक म्हातारा चालत आला होता. अंगावर धड कपडा नाही. पडवीत शिरला, उभ्यानंच डोळे मिटले आणि बोलायला लागला. तो काय बोलत होता ते काकूंना नीट कळलं नाही, पण त्यांच्या अंगावर काटा आला. गुरुजींनी त्याला मधेच अडवलं. कुठून आलात, कुणी पाठवलं, किती दिवस राहणार. म्हातारा बोलायचा थांबला. त्यानं गुरुजींकडं बघितलं आणि आल्या वाटेनं फाटकातून बाहेर गेला. पाणी घेतलं नाही, भाकरी घेतली नाही. गुरुजी भानावर येऊन छत्री न घेता मागं धावले. पार स्टँडपर्यंत, नदीपर्यंत जाऊन आले. म्हातारा सापडला नाही.

"मग?"

"मग काय. त्या कसोट्यांत आनि एक कलम हाय न्हवं. आत्म्यात बोलत आसंल, तवा मधी पारखू नये. बाकी समद्या पापाला माफी हाय, त्येला न्हाई." काकूंनी दगड पुन्हा उचलला. "त्या दिसापास्नं त्यांला वाटतं, त्यो खरा हुता."

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. फाटकाची कडी वाजली की गुरुजी वाचता वाचता थांबत. मान वर करत नसत. पाऊल ओळखीचं निघालं की मगच पुढची ओळ. आणि खूप भ्याले की त्यांचं ते पुस्तकी मराठी गळून पडे आणि ते त्यांच्या गावचं बोलत. गाल कापल्यावर बोलत तसं. एवढे सगळे पाहुणे पारखायचे, आणि त्यातला एखादा खरा निघाला तर आपला कायमचा सत्यानाश, असं ओझं घेऊन हा माणूस रोज दार उघडत होता. मला त्यांची गंमत वाटायची ती त्या दिवसानंतर थांबली.

सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे जमीन हलली. कोयनेकडं घरंच्या घरं पडली. आमच्याकडं शाळेची भिंत फाटली, कौलं उतरली, आणि आवारातली सगळी माणसं ताडपत्र्या आणि चादरी बांधून मैदानात राहायला आली. थंडी मरणाची होती. दिवसातून कितीदा तरी आधी भांडी वाजत, मग जमीन हले. पण खरी भीती जमिनीची नव्हती, पाण्याची होती. कोयनेचं धरण आमच्या उशाला. कुणी म्हणे भिंतीला तडे गेलेत, कुणी म्हणे पाणी पाझरतंय, कुणी म्हणे सरकार लपवतंय. नदीकडून कुणी पळत आलं की सगळे उठून उभे राहत. मीसुद्धा. पायात चपला घालूनच झोपत होते मी.

आणि अशात एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी काकू बोलल्या.

त्या नेहमीसारख्या सगळ्यांत मागं बसल्या होत्या. प्रार्थना चालू असताना उभ्या राहिल्या. डोळे उघडे, पण आमच्यापैकी कुणाकडंही बघत नव्हते. आवाज त्यांचा नव्हता. खाली कुठूनतरी, जड. "पानी येतंय. घरं सोडा. डोंगर धरा." एवढंच. पुन्हा एकदा तेच. मग खाली बसल्या आणि थोड्या वेळानं चुलीकडं गेल्या, जशा काही मधे कुठं गेल्याच नव्हत्या. मी देव न मानणारी, पण त्या क्षणी मी आगाशिवच्या डोंगराकडं बघितलं.

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. मधल्या काळात काकूंनी अन्न सोडलं होतं. पाणी तेवढं घेत. सगळ्यांसाठी रांधत आणि स्वतः काही खात नव्हत्या.

मैदानातली माणसं गुरुजींकडं बघायला लागली. इतकी वर्षं ह्या माणसानं एकेकाला पारखून घालवलं होतं, आता काय म्हणतो? आणि गुरुजींना म्हणायला काही सापडत नव्हतं. काकूंनी पैसे मागितले नव्हते. जन्मभर हातानं काम करून खाल्लं होतं. मुक्कामाची कसोटी त्यांना लागत नव्हती, त्या स्वतःच्या घरात होत्या. त्यांच्या वागण्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. घरी आलेल्या प्रत्येक संदेष्ट्याला ज्या बाईनं शिदोरी बांधून दिली, तीच बाई त्यांच्या सगळ्या कसोट्यांना उतरत होती.

मंडळीचे पंच होते शमुवेलअण्णा. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, भूकंपानंतर मैदानाची सगळी व्यवस्था त्यांच्याच हातात. ते गुरुजींपुढं येऊन उभे राहिले.

"गुरुजी, खरं का खोटं येवढी ऑर्डर द्या. खरं आसंल तर आत्ता फालिन करून रांगा लावतो आन् समद्यास्नी घिऊन आगाशिववर चढतो. खोटं आसंल तर तसं सांगा. ह्ये मधीच लटकनं नगं. मानसं येडी व्हायला लागलीत."

गुरुजी वळून फाटलेल्या भिंतीकडं गेले.

लोकांनी वळकट्या बांधायला सुरुवात केली. मैदानाच्या कडेच्या ताडपत्रीखाली आमच्या शिपायाची मुलगी रूथ होती. भूकंपाच्या धक्क्यानं तिला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली होती. मुलगी कसली, कापसात गुंडाळलेला मूठभर जीव. शेगडी क्षणभर विझली तरी निळी पडायची. डोंगरावरच्या वाऱ्यात ती पहिल्या रात्रीच गेली असती, हे रूथला कळत होतं. ती कुणाशी बोलत नव्हती, नुसती बांधाबांध करणाऱ्यांकडं बघत होती.

मी गुरुजींकडं गेले. ते फाटलेल्या भिंतीशी, त्या आखूड पायाच्या खुर्चीत बसले होते. खुर्ची डुगडुगत होती. ते हलवत नव्हते, ते कापत होते.

"गुरुजी, काकूंना विचारा तरी," मी म्हटलं. "हे खरंच वरून येतंय की भीतीनं होतंय, एवढं विचारा."

"इचारू कसं?" ते म्हणाले. "पुन्यांदा इचारू? ती बोलत्या तवा तिच्या तोंडाकडं बगितलंयस का?"

"मग जाऊ द्या सगळ्यांना डोंगरावर?"

"कडंवर लेकरं हायती," ते म्हणाले. आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

काकू तिथंच, दोन हातांच्या अंतरावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हे ऐकलं. मान वर केली नाही.

चौथ्या सकाळी काकू पुन्हा उभ्या राहिल्या. सगळे गप्प झाले. पण ह्या वेळी शब्द वेगळे होते. "पंगत मांडा. आज दुपारी समद्यास्नी एका पंगतीत जेवाय घाला."

वर्गातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. पंगत. आत्म्यात सांगितलेली. आता कुणालाच काही विचारायची गरज नव्हती, दुपारी आपोआप कळणार होतं. शमुवेलअण्णा हळूच म्हणाले, "बरं झालं. आता कळंल." बांधलेल्या वळकट्यांना कुणी हात लावला नाही. दुपारी काकूंनी ताटाला हात लावला नाही, की सगळे त्या उचलून निघणार होते.

मला मात्र एक गोष्ट खटकली. काकू पुढं म्हणाल्या, "तांदूळ थोडं जादा घ्या. आमटीत तिखट बेतानं घाला, पोरं हायती." तो आवाज खालून आलेला नव्हता. तो चुलीपुढचा, आमच्या काकूंचा आवाज होता. बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नसावं. सगळे पंगत ह्या एका शब्दाशीच थांबले होते.

दुपारी मैदानात पत्रावळी मांडल्या. काकूंनी वाढायला घेतलं नाही. त्या येऊन पंगतीत पहिल्या पानावर बसल्या, पुरुषांच्या आधी. असं त्यांनी जन्मात केलं नसेल. शमुवेलअण्णा उभेच राहिले. गुरुजी समोरच्या पानावर बसले, त्या आटपाडीच्या उपदेशकासमोर बसले होते तसे, हात मांडीवर. भात वाढला, आमटी वाढली. आशीर्वाद गुरुजींनी मागायचा, पण ते काकूंच्या पानाकडं बघत बसले. एकही माणूस जेवायला लागला नाही. एवढी माणसं, एवढी लहान मुलं, आणि कावळ्यांशिवाय आवाज नाही.

भीती कशी असते ते मला त्या पंगतीत कळलं. काकूंनी खाल्लं नाही तर ती कापसातली मुलगी गेली. खाल्लं तर काकू सगळ्यांदेखत खोट्या. आणि ह्या दोन्हींच्या पलीकडं, न जाणो खरंच पाणी येत असलं तर? मी वाढायचं भांडं हातात धरून उभी होते.

काकूंनी मान वर केली. आधी रूथच्या ताडपत्रीकडं बघितलं. मग गुरुजींकडं. बराच वेळ बघत राहिल्या. गुरुजींनी मान हलवली, नाही म्हणून. मला ती मान स्पष्ट दिसली. खाऊ नको, असं तो माणूस बायकोला सांगत होता.

काकूंनी भात कालवला आणि घास घेतला.

मग दुसरा. मग तिसरा. सावकाश, कुठंही न बघता त्यांनी पान संपवलं. पत्रावळीवरची आमटी बोटानं निपटून घेतली.

"खोटी," शमुवेलअण्णा म्हणाले. रागानं नाही, एखाद्याचा श्वास सुटावा तसं. "गुरुजी, कसोटी तुमचीच हाय. खोटी." मागं कुणी एक बाई हसली. मग एका पोरानं आई भूक म्हटलं, आणि सगळी पंगत जेवायला लागली. इतक्या दिवसांत माणसं अशी जेवली नव्हती. गुरुजींचं पान तसंच राहिलं.

वळकट्या सुटल्या. डोंगरावर कोणी गेलं नाही. पाणी आलं नाही. धक्के हळूहळू विरळ झाले, माणसं घरांत परतली, आणि रूथची मुलगी जगली. पुढं ती माझ्याच वर्गात शिकली.

काकूंना मात्र त्या दिवसापासून आवारात कुणी प्रार्थना करायला सांगितलं नाही. बायका पाठीमागं पदराआड हसत. "भुकेली संदेष्टी" असं नाव पडलं. काकू ते ऐकून घेत आणि त्याच बायकांना लोणचं नेऊन देत. प्रार्थनेत उभं राहून तसं मात्र पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

भांडी घासताना मी एकदा त्यांना गाठलं. "काकू, तुम्हाला ती कसोटी ठाऊक होती. खाल्लंत कशाला?"

त्या राखेनं पातेलं घासत राहिल्या. "भूक लागली व्हती, पोरी," म्हणाल्या. "लय भूक लागली व्हती."

गुरुजींनी त्यानंतर पाहुणे पारखणं बंद केलं. शिदोऱ्या थांबल्या. आटपाडीचा तो उपदेशक पुन्हा आला आणि आठवडाभर राहून कोंबड्या खाऊन गेला. गुरुजी त्याला रोज आणखी हवं का विचारत. वर्गात ते कसोट्यांच्या पानापाशी आले की पान उलटून पुढं जात. खुर्चीच्या पायाला त्यांनी लाकडाचा तुकडा ठोकला. मला ते खुर्ची डुगडुगत होती तेव्हाच बरे वाटत.

पुढं माझी सांगलीला बदली झाली. बऱ्याच वर्षांनी काकू गेल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. गुरुजी पडवीत त्या खुर्चीत बसले होते. फाटकाची कडी मी वाजवली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. माझं पाऊल त्यांनी ओळखलं नसावं. मी जवळ जाऊन नाव सांगितलं तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. चहा त्यांनीच केला, साखर विसरले. मग एकाएकी त्यांनी विचारलं, "तुम्हाला ती काय म्हणाली होती, बाई? खाल्लं कशाला म्हणून तुम्ही विचारलं असेल."

"भूक लागली होती, म्हणाल्या."

"मलाही तेच." "आमच्या संसारात तिला भूक लागलेली मी कधी पाहिली नाही. त्याच दिवशी लागली. सगळ्यांच्या समोर."

मी म्हटलं, "गुरुजी, पाणी आलं नाही. लोक वाचले. आता कशाला मनाला लावून घेता?"

"पाणी आलं नाही म्हणून ती खोटी, हे सोपं आहे. ज्या शहराचा नाश संदेष्ट्यानं सांगितला ते शहर वाचलं आणि तरी तो संदेष्टा खराच राहिला, असं शास्त्रातच आहे." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. "मी तिला काही विचारलं नाही, बाई. पण तिच्या पानाकडं बघत बसलो. तीच परीक्षा झाली. ती खोटी असेल तर मी सुटलो. ती खरी असेल तर तिनं माझ्यापायी सगळ्यांदेखत स्वतःला खोटं करून घेतलं, आणि मला माफी नाही."

बाहेर फाटकाची कडी वाजली. कुणीतरी पोर आत येऊन चेंडू घेऊन गेलं. गुरुजींनी ती पावलं दूर जाईपर्यंत ऐकली.

"रोज सकाळी उटतो," ते म्हणाले, आणि आता त्यांचं पुस्तकी बोलणं पुरतं गळून गेलं होतं, "आन् गुडघ्यावर बसून येकच मागतो. खरी आसू दे रं देवा, म्हनतो. माजं काय बी हू दे. ती खरी आसू दे."